सरपण: झाडाच्या जातीआधी ओल पाहावी

जळणासाठी कोणते लाकूड चांगले, असे मला कोणी विचारले की मी आधी त्यांच्याकडचे लाकूड केव्हा तोडलेले आहे आणि तोडल्यापासून ते कोठे ठेवलेले आहे, हे विचारते. विचारणाऱ्याला बहुधा झाडांची नावे हवी असतात आणि ती पुढे येतीलच. परंतु स्वयंपाकाच्या चुलीत आणि खोली उबदार ठेवणाऱ्या बंद शेगडीत, अशा दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे लाकूड जाळल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे, की झाडाच्या जातीमुळे जळणात जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक लाकडातल्या ओलीमुळे पडतो. नावाजलेल्या झाडाचे ओले लाकूड साध्या झाडाच्या खडखडीत सुक्या लाकडापुढे कोणत्याही चुलीत टिकाव धरत नाही. धूर, काजळी, पुन्हा पुन्हा मंदावणारा जाळ, डोळ्यांची चुरचुर आणि भराभर संपणारा साठा, या ज्या तक्रारी लोक लाकडाच्या जातीवर किंवा चुलीच्या बांधणीवर ढकलतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ ओलीत असते.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. काही जातींत थोडे कमी, काहींत थोडे जास्त. म्हणजे १० किलो ताजे लाकूड आणले तर त्यात ५ किलो लाकूड आणि ५ किलो पाणी असते. तेच लाकूड नीट सुकून त्यातले पाणी एकूण वजनाच्या २० टक्क्यांवर उतरले, की वजन सव्वासहा किलो भरते: लाकूड तेवढेच ५ किलो, पाणी मात्र फक्त सव्वा किलो. आता उष्णतेचा हिशेब पाहू. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणून ५ किलोंतून ९० मिळायला हवी. एक किलो पाणी नेहमीच्या तापमानापासून तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे ताज्या लाकडातले पाणी ९० पैकी १३ खाते आणि सुकलेल्या लाकडातले सव्वातीन. ओले लाकूड का जाळू नये याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपवलेले असते. पण कोणाही चौकस माणसाला येथे शंका यावी, कारण ९० मधून १३ गेले तरी ७७ उरतात, आणि ओल्या लाकडावर स्वयंपाक करून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की प्रत्यक्षात हाती एवढे काही लागत नाही.

खरे नुकसान दुसरीकडे होते आणि ते समजून घेतले की सरपणाविषयीच्या बाकी सगळ्या गोष्टी आपोआप उलगडतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो मुख्यतः लाकडाचा नसून लाकडातून निघालेल्या वायूंचा असतो. लाकूड तापत तापत २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते विघटित होऊ लागते, आणि त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग वायू व बाष्प होऊन बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा. लाकडातल्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक वाटा या वायूंमध्ये असतो. ते पुरते जळायचे तर त्यांना सुमारे ६०० अंश तापमान, पुरेशी हवा आणि हवेत मिसळायला थोडा अवकाश, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात. लाकडात पाणी असेल तर ते निघून जाईपर्यंत तो भाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो, निघालेली वाफ जाळाला थंड करते, आणि कसेबसे बाहेर पडलेले वायू न पेटताच वर निघून जातात. ते वायू, त्यांतले डांबराचे सूक्ष्म थेंब आणि काजळी म्हणजेच धूर. म्हणून चुलीतून निघणारा दाट धूर हे मी न जळता वाया गेलेले सरपण समजते, आणि चूल नीट पेटलेली आहे की नाही हे जाळ किती उंच आहे यावरून न ठरवता धूर किती दिसतो यावरून ठरवते.

ओल्या लाकडाचे वागणे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एखादे ताजे, मनगटाएवढे जाड लाकूड चांगल्या पेटलेल्या जाळात अर्धे सरकवावे आणि त्याच्या बाहेर राहिलेल्या टोकाकडे लक्ष द्यावे. थोड्याच वेळात तेथून बारीक सूं सूं असा आवाज येऊ लागतो, कापलेल्या तोंडावर बुडबुड्यांचा फेस येतो, मग तपकिरी पाण्याचे थेंब साचून खाली ओघळतात. हे पाणी लाकडातल्या तंतूंमधल्या नळ्यांतून वाफेच्या दाबाने ढकलले गेलेले असते. जाळातले टोक या वेळी काळे पडलेले असते, पण त्याला ज्योत धरत नाही. शेजारच्या सुक्या लाकडाची ज्योत त्याला चाटून जाते आणि जेथे चाटते तेथे पिवळी होऊन काजळी सोडते. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण चुलीपुरती अगदी खरी आहे, मात्र त्यासाठी सुक्याची उष्णता खर्ची पडते.

आता जातींविषयी. वजनाला वजन धरले तर सारख्या सुकलेल्या लाकडांतून मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. पाइनसारख्या राळ असलेल्या लाकडांतून उलट थोडी जास्तच मिळते. फरक असतो तो घनतेचा. सुकलेल्या बाभळीचे किंवा ओकचे एक घनमीटर भरीव लाकूड सुमारे ७०० ते ८०० किलो भरते, तर सावर किंवा पांगारा यांचे जेमतेम निम्मे. जड लाकूड सावकाश जळते, त्याचे निखारे घट्ट असतात आणि बराच वेळ धग धरून ठेवतात. हलके लाकूड पटकन पेटते, मोठा जाळ करते आणि लवकर संपते. त्यामुळे दोन्ही जवळ असावीत: पेटवायला आणि पटकन पाणी तापवायला हलके, मंद आचेवर वेळ घेणाऱ्या कामाला आणि खोली उबदार ठेवायला बाभूळ, सुरू, खैर, ओक असे जड. विकत घेताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते, की वजनावर घेतलेले लाकूड ओले असेल तर पैसे पाण्याचे जातात, आणि मापाच्या ढिगावर घेतले तर हलक्या लाकडात उष्णता कमी येते. रचलेल्या ढिगात फटींमधली हवा साधारण एक तृतीयांश असते, ती निराळीच.

काही लाकडे मात्र चुलीजवळ येऊच नयेत. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, बिब्ब्याच्या धुराने अंग सुजते व खाजते, चीक असलेल्या शेरासारख्या झाडांचा धूर डोळ्यांना झोंबतो. रंगवलेले लाकूड, प्लायवूड आणि वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेले लाकूड यांबाबत मी अधिक कठोर आहे, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि मुरवलेल्या लाकडांत तांबे, क्रोमियम व आर्सेनिक असू शकते, जे जळून नाहीसे होत नाही; ते धुरात जाते आणि राखेत उरते. समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या लाकडातल्या मिठामुळे लोखंडी शेगडी व धुराडे गंजते आणि धुरात घातक द्रव्ये वाढतात. कुजलेले, भुसभुशीत लाकूड विषारी नसले तरी त्यातला जळण्याजोगा भाग बुरशीने आधीच खाल्लेला असतो.

लाकूड सुकवणे हे खरे तर कुऱ्हाडीपासून सुरू होते. झाडात पाणी मुळांपासून शेंड्याकडे वाहते, त्यामुळे तोडल्यानंतरही ते तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडते. आणि साल तर पाणी अडवण्यासाठीच असते. म्हणून अख्खा ओंडका वर्षभर उन्हात पडलेला असला तरी फोडल्यावर आतून ओला निघतो, आणि त्याच झाडाचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करून फोडून ठेवलेले लाकूड तेवढ्या काळात व्यवस्थित सुकते. बहुतेक जड जातींचे लाकूड ताजे असतानाच सोपे फुटते. सुकल्यावर त्यात कुऱ्हाड नुसती उसळते. गाठी असलेले तुकडे बाजूला ठेवून शेवटी पाचरीने फोडावेत किंवा शेगडीत मावत असतील तर तसेच जाऊ द्यावेत, कारण गाठ हा लाकडाचा सर्वांत घट्ट भाग असतो. शेगडीसाठी तळहाताच्या रुंदीएवढ्या फोडी पुरतात. चुलीसाठी मात्र मी अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीपलीकडे जात नाही, कारण लाकूड जितके बारीक तितका त्याचा हवेला आणि आचेला मिळणारा पृष्ठभाग अधिक.

फोडलेले लाकूड नुसते ढीग करून टाकले तर वरचे सुकते आणि मधले कुजते, म्हणून ते रचावे लागते. जमिनीपासून वीतभर उंचीवर विटा किंवा दांडे मांडून त्यांवर एकेरी रांग रचावी, कापलेली टोके वाऱ्याकडे यावीत, तुकड्यांमध्ये थोड्या फटी राहू द्याव्यात आणि रांग खांद्याच्या वर नेऊ नये, नाहीतर ती वाळताना आक्रसते आणि ढासळते. साल असलेले तुकडे सर्वांत वरच्या थरात साल वर करून ठेवले की तेवढेच छप्पर होते. ऊन उपयोगी असते, पण मला विचाराल तर वारा अधिक उपयोगी असतो. सावलीतली वाऱ्यावरची रांग बंद अंगणातल्या उन्हातल्या ढिगापेक्षा चांगली सुकलेली मी नेहमी पाहते. रांग घराच्या भिंतीला अगदी टेकवून ठेवू नये, कारण वाळवी आणि उंदीर यांना त्याहून सोयीचा रस्ता दुसरा नाही. भिंतीपासून किमान हातभर अंतर असले म्हणजे मागूनही वारा फिरतो.

आच्छादनाविषयी मी आग्रहाने सांगते, कारण बहुतेक साठे येथेच बिघडतात. पाऊस येणार म्हणून लोक सगळी रांग प्लास्टिकने वरपासून खालपर्यंत गुंडाळतात आणि चारी कडा दगडांनी दाबून टाकतात. लाकडातून निघालेली ओल मग बाहेर जाऊ शकत नाही, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला तिचे थेंब जमतात, ते पुन्हा लाकडावर पडतात, आणि काही आठवड्यांत पांढरी बुरशी धरते. झाकायचा तो फक्त माथा. त्यासाठी पत्रा किंवा ताडपत्री थोडी पुढे आलेली असावी आणि चारी बाजू उघड्या राहाव्यात. बाजूने येणाऱ्या पावसाच्या सरीने सुके लाकूड वरवर भिजते, पण ते पाणी पृष्ठभागावरचे असल्यामुळे दोन-तीन कोरड्या दिवसांत निघून जाते. झाडाच्या स्वतःच्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही. लाकडाची ओल शेवटी हवेतल्या दमटपणाशी जुळते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर उघड्यावरचे लाकूड कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओलीवर स्थिरावते, ८० टक्के असेल तर १६ वर आणि ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. म्हणजे दमट ऋतूतही नीट सुकलेले, माथा झाकलेले लाकूड जाळण्यायोग्यच राहते, मात्र ओले लाकूड त्या ऋतूत सुकेल ही आशा धरू नये. बारीक फोडलेल्या हलक्या लाकडाला सुमारे सहा महिने आणि जाड फोडींच्या जड लाकडाला वर्ष ते दोन वर्षे लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचे लाकूड या वर्षीच रचलेले असणे ही चैन नसून गरज आहे.

सुकले की नाही हे ओळखण्याच्या खुणा सर्वांना ठाऊक आहेत: टोकांना मध्यापासून फाकलेल्या भेगा, सुटलेली साल, फिकटलेला रंग, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर धप्प असा आवाज न येता टणकन येणारा आवाज. माझा मात्र काट्यावर अधिक विश्वास आहे. रांग रचतानाच मध्यावरची एक फोड निवडते, तिच्या टोकावर कोळशाने खूण करते, वजन करून तेही तिच्यावरच लिहिते, आणि ती सहज ओढून काढता येईल अशा ठिकाणी ठेवते. दर काही आठवड्यांनी तिचे वजन केले की सुरुवातीला ते झपाट्याने उतरते, मग सावकाश, आणि शेवटी दोन वजनांत फरक पडेनासा होतो. त्या दिवशी तेथल्या हवेत जेवढे सुकणे शक्य होते तेवढे लाकूड सुकलेले असते. नेमका आकडा हवा असेल तर फोड मधोमध चिरून आतला २०० ग्रॅमचा तुकडा घ्यावा आणि १०० अंशांहून किंचित अधिक तापवलेल्या ओव्हनमध्ये, तो करपणार नाही याकडे लक्ष देत, वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवावा. तो १६० ग्रॅमवर थांबला तर पाणी ४० ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के होते. बाजारात दोन सुयांचे ओलमापक मिळते, पण ते बहुधा कोरड्या वजनावरची टक्केवारी दाखवते, त्यामुळे याच तुकड्याला ते २५ दाखवील; आणि सुया बाहेरच्या अंगाला न टोचता ताज्या फोडलेल्या तोंडावर टोचाव्यात, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

जाळण्याकडे वळताना वर सांगितलेल्या तीन गोष्टी, तापमान, हवा आणि मिसळायला अवकाश, पुन्हा उपयोगी पडतात. शेगडी पेटवताना मी जाड फोडी तळाशी, त्यांवर बारीक, आणि काटक्या व पेटवण सर्वांत वर ठेवून वरून आग लावते. खालून पेटवले तर वरची थंड लाकडे तापून त्यांचे वायू ज्योतीच्या वर, थंड भागात सुटतात आणि सुरुवातीचा अर्धा तास धुरात जातो. वरून पेटवले तर खालून येणाऱ्या वायूला ज्योतीतूनच जावे लागते. धुराडेही यामुळे लवकर तापते आणि ओढ धरते.

चुलीत लाकूड कोंबून भरणे हा सर्वांत मोठा अपव्यय आहे. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्यापर्यंत पोहोचतो, बाकीचा आजूबाजूला आणि वर निघून जातो. लाकडे जमिनीवर न टेकवता लोखंडी जाळीवर ठेवली की खालून हवा मिळते आणि तेवढ्यानेच धूर कमी झालेला दिसतो. १९८० च्या दशकात लॅरी विनियार्स्की यांनी अप्रोवेचो या संस्थेत विकसित केलेला रॉकेट स्टोव्ह याच विचारावर उभा आहे: लाकडांची फक्त टोके जळावीत, उरलेला भाग तापू नये, आणि ज्योतीभोवती उष्णता न शोषणारे, अरुंद, उभे नळकांडे असावे, म्हणजे वायू भांड्याच्या थंड बुडाला लागण्यापूर्वीच जळून जातात. अशी चूल नसली तरी तिच्यातली शिस्त कोणत्याही चुलीत पाळता येते: दोन-तीन बारीक लाकडे, टोकाला टोक लावून, जळतील तशी पुढे सरकवत राहावीत. भांड्यावर झाकण ठेवावे. पाण्याला उकळी आली की जाळ कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते, म्हणून त्या क्षणी लाकडे मागे ओढावीत आणि पुढचे काम निखाऱ्यांवर होऊ द्यावे. हे सगळे केवळ लाकूड वाचवण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि या धुरात सर्वाधिक वेळ बसणाऱ्या त्या बायका आणि त्यांच्याजवळची लहान मुले असतात. सुके लाकूड ही मला त्यामुळे काटकसरीआधी आरोग्याची बाब वाटते.

खोली तापवण्यासाठी उघडी शेकोटी फारच तोट्याची असते, कारण तिचे धुराडे खोलीतली आधीच तापलेली हवा सतत बाहेर ओढते आणि तिच्या जागी फटींतून थंड हवा आत येते. काउंट रम्फर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १७९६ मध्ये शेकोटी कमी खोल करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून हा तोटा बराच कमी करता येतो हे मांडले होते. आजच्या बंद शेगड्या हवा मोजून आत घेतात आणि ७० टक्क्यांहून अधिक उष्णता खोलीला देऊ शकतात. पण अशी शेगडीही रात्रभर चालावी म्हणून लाकडाने भरून तिची हवा जवळजवळ बंद केली तर ती धुमसत राहते, धूर धुराड्यात थंड होतो आणि तेथे डांबरासारखा ज्वालाग्राही थर बसतो, जो एखाद्या दिवशी मोठ्या जाळाने आतच पेटू शकतो. त्यापेक्षा लहानशी, तेज आग करून ती उष्णता विटांच्या किंवा दगडाच्या जड भिंतीत साठवणे केव्हाही चांगले. फिनलंड आणि रशियातल्या मोठ्या बांधीव भट्ट्या दिवसातून एकदोनदाच जोरात पेटवतात आणि पुढे कित्येक तास त्या ऊब देत राहतात. धुराडे दर वर्षी साफ करावे, आणि शेगडीजवळ सुकत घातलेले लाकूड निदान मीटरभर दूर ठेवावे.

बंद खोलीत निखारे ठेवून कोणीही झोपू नये. धूर निघत नाही म्हणजे धोका नाही असे वाटते, पण निखारे अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतात. त्याला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला त्यातून जागही येत नाही. डोके जड होणे आणि मळमळणे या पहिल्या खुणा असतात, त्या जाणवताच आधी बाहेर मोकळ्या हवेत जावे आणि मग बाकीचे पाहावे.

चांगले सुकलेले लाकूड चांगले जळले तर राख फारच थोडी उरते, बहुतेक लाकडांत कोरड्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत-बाहेर. सालीची त्याहून जास्त. राखेत काळे कोळसे बरेच दिसत असतील तर आगीला हवा कमी पडत होती असे समजावे. शेगडीच्या तळाशी बोटभर राख राहू दिली की निखारे तिच्यात उबदार राहतात आणि सकाळी पुन्हा पेटवणे सोपे जाते. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीतच ठेवावी आणि ती बादली लाकडी फळीवर ठेवू नये, कारण राखेखाली दबलेला निखारा दोन-तीन दिवसांनंतरही जिवंत निघू शकतो. पूर्ण थंड झालेल्या राखेत चुना आणि पोटॅश असते, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत ती पातळ पसरावी. रंगवलेल्या किंवा रसायन मुरवलेल्या लाकडाची राख मात्र कोणत्याही झाडाच्या मुळाशी घालू नये.